पाईपला घाम आला म्हणजे गॅस भरला असं नाही: कोकणात एसीची सुपरहीट कशी मोजायची

मागच्या मे महिन्यात मालवणातल्या एका होमस्टेवर गेलो होतो, एसी थंडच करत नव्हता आणि आधीचा मेकॅनिक दोनदा गॅस मारून गेलेला. काकी आउटडोअरपाशी उभ्या राहून जाड्या पाईपकडे बोट दाखवतात, "पायपाक घाम इलो मा, म्हणजे ग्यास फुल्ल!" अहो घाम येणारच, मे-जूनमध्ये आपल्याकडे दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो, त्याहून थंड असलेल्या कुठल्याही पाईपवरून पाणी ठिबकतं, फ्रिजमधून काढलेल्या सोलकढीच्या बाटलीसारखं. मोजलं तर सुपरहीट जेमतेम २ अंश, म्हणजे गॅस कमी नाही, जास्तच झालेला.

सुपरहीट म्हणजे फार मोठं काही नाही. इनडोअरच्या कॉइलमध्ये गॅस उकळतो, त्याची सगळी वाफ झाली की ती वाफ कॉम्प्रेसरकडे जाता जाता उकळबिंदूच्या वर जेवढी तापते ती सुपरहीट. कमी असली तर अर्धवट ओला गॅस कॉम्प्रेसरमध्ये शिरतो, ऑइल धुवून नेतो आणि एक दिवस कॉम्प्रेसरच बसतो. जास्त असली तर कॉइल पूर्ण वापरलीच जात नाही आणि थंडावा मिळत नाही.

मोजायच्या आधी फिल्टर आणि दोन्ही कॉइल धुवून घ्या, ही पायरी लोक खातात. खाऱ्या वाऱ्याने आउटडोअरच्या फिन्स दोन पावसाळ्यांत पांढऱ्या पडून चुरा होतात, त्यात इनडोअरचा फिल्टर चोंदलेला असेल तर आकडा खोटाच येणार. मग दारं-खिडक्या बंद करून एसी फुल कूलिंगवर १५-२० मिनिटं चालू द्या.

आता गेज. आपल्या स्प्लिटमध्ये सर्व्हिस पोर्ट, म्हणजे गेज जोडायचं तोंड, बहुतेक जाड्या पाईपच्या व्हॉल्व्हवरच असतो, तिथे लो साइडचा, म्हणजे कमी प्रेशरच्या गेजचा, होज लावा, हातमोजे आणि चष्मा घालून, कारण गॅस उडाला तर कातडी गोठते. मशीनमध्ये कुठला गॅस आहे ते नेमप्लेटवर बघा: आर-३२ला जास्त प्रेशरचे गेज लागतात, आर-२२चे जुने चालणार नाहीत, आणि आर-२९० असेल तर जवळपास ठिणगी नको, तो चक्क प्रोपेन आहे. काटा स्थिर झाला की प्रेशर बघा आणि पीटी चार्टवर (प्रेशर-तापमानाचा तक्ता) त्याच गॅसच्या रकान्यात उकळबिंदू शोधा. ५ अंशाला आर-३२चं प्रेशर साधारण १२३ पीएसआय असतं, आर-४१०एचं १२० च्या जवळ, आर-२२चं फक्त ७०.

थर्मामीटरचा क्लॅम्प त्याच जाड्या पाईपवर, व्हॉल्व्हपासून चार-सहा इंचांवर. इथेच सगळा घोळ होतो. आपल्याकडे तांब्यावर हिरवा थर चढलेला असतो, तो पॉलिश पेपरने घासून तांबं चकचकीत करा, पाणी पुसा, क्लॅम्प घट्ट बसवा आणि वरून इन्सुलेशन गुंडाळा, नाहीतर उन्हाने तापलेल्या जांभ्याच्या भिंतीची गरम हवा लागून तीन-चार अंश उगाच वाढून येतात. नुसता हात लावून सांगणाऱ्यांना माझा नमस्कार.

वजाबाकी करा. पाईप १२, उकळबिंदू ५, सुपरहीट ७. उत्तर उणे आलं तर बहुतेक चार्टचा रकाना चुकलाय, १२३ पीएसआय आर-२२च्या रकान्यात वाचलं तर जवळजवळ २२ अंश दिसतात.

७ चांगलं की वाईट? हे ठरलेल्या आकड्यावर नाही, हवेवर अवलंबून असतं, आणि घाटावरचे आकडे कोकणात चालत नाहीत. कॅपिलरीवाल्या (कॉइलला गॅस एका बारीक नळीतून मिळतो अशा), फिक्स स्पीड मशीनला अंदाजासाठी मी हा हिशोब करतो: इनडोअरच्या वरच्या जाळीतून आत ओढल्या जाणाऱ्या हवेचा वेट बल्ब घ्यायचा (थर्मामीटरच्या टोकाला ओली सुती चिंधी बांधून, आकडा थांबेपर्यंत), त्याची दीडपट करायची, त्यातून बाहेरच्या तापमानाचा अर्धा आणि वर ४.४ वजा. वेट बल्ब २१ आणि बाहेर ३२ असेल तर ३१.५ वजा १६ वजा ४.४, म्हणजे ११. घाटावर वेट बल्ब १९ आणि बाहेर ३८ असेल तर ५. दमट हवेत कॉइलवर लोड जास्त असतो म्हणून आपल्याकडे आकडा वर जातो, आणि कोणी ५-६ धरून गॅस भरत बसला की काकींच्या मशीनसारखं होतं.

मोजलेला आकडा अंदाजापेक्षा बराच वर असेल तर गॅस कमी किंवा कॅपिलरी चोक, आधी लिकेज शोधा. बराच खाली असेल तर गॅस जास्त किंवा इनडोअरची हवा कमी. जास्तीचा गॅस हवेत सोडायचा नाही, रिकव्हरी सिलिंडरमध्ये घ्यायचा. एकदोन अंशांच्या फरकासाठी मशीनला छेडू नका. इन्व्हर्टर एसीला हा हिशोब लावू नका, त्याचा स्पीड सतत बदलतो, तिथे टेस्ट मोडवर चालवून बघायचं आणि भरायचंच झालं तर व्हॅक्यूम करून नेमप्लेटवरच्या वजनाइतका गॅस वजनकाट्यावर मोजून.

हीट पंपचं, म्हणजे खोली गरमही करणाऱ्या एसीचं, गणितही तेच, फक्त हीटिंग चालू असताना गॅस आउटडोअरच्या कॉइलमध्ये उकळतो आणि घरात जाणारा जाडा पाईप गरम असतो, म्हणून प्रेशर आणि क्लॅम्प दोन्ही फोर-वे व्हॉल्व्ह (गॅसची दिशा उलटवणारा) आणि कॉम्प्रेसरच्या मधल्या सक्शन पाईपवर घ्यायचे. त्यासाठी कव्हर उघडावं लागतं, तेव्हा मेन स्विच बंद करा आणि कपॅसिटर डिस्चार्ज करा.

होज काढल्यावर पोर्टला साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा आणि पितळी कॅप पान्याने आवळा. काकींच्या मशीनची कॅपच गायब होती, तिच्या जागी कोणीतरी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली.