घोड्यांच्या कामात नवीन येताय? आधी रात्रीची गव्हाण बघा

घोड्यांचं काम शिकायचंय, कुठनं सुरुवात करू, असं विचारणारी पोरंपोरी हल्ली वाढलीत. बरीचशी रील बघून येतात, त्यात वाईट काही नाही, मीपण पन्हाळ्यावर फेऱ्या मारणारी घोडी बघूनच या नादाला लागले. खरारा कसा करायचा, लगाम कसा चढवायचा, मागनं जायचं नाही, हे तुम्हाला माहिती असणारच, ते सांगत बसत नाही. मला बोलायचंय ते खाण्याबद्दल, आणि जरा लांबण लागेल, कारण मी इथंच अडकले होते आणि अजून आठवलं की डोकं फिरतं.

आपल्या कोल्हापुरात जनावराचं ज्ञान कमी नाही, उलट जरा जास्तच आहे, पण ते सगळं म्हशीचं. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर पिळलेलं दूध पिणारी माणसं आपण. आमच्या घरीपण म्हशीच. त्यामुळं घोडा दावणीला आला की हात आपोआप तसेच चालतात, सकाळी धारेच्या वेळेला एकदा, संध्याकाळी धारेच्या वेळेला एकदा, पाटीभर वैरण, वर खुराक, झालं. म्हशीला ते चालतं, ती पोटात भरून ठेवते आणि दुपारभर निवांत रवंथ करते. घोडा रवंथ करत नाही. त्याचं जठर अंगाच्या मानानं बारकं, साधारण ८ ते १५ लिटरचं, आणि त्यात आम्ल चोवीस तास पाझरत असतं, पोटात काही असो नसो. ते आम्ल मारते लाळ, आणि घोड्याची लाळ चघळल्याशिवाय सुटत नाही. मोकळा सोडलेला घोडा दिवसरात्र मिळून १२ ते १६ तास थोडं थोडं चरत असतो. त्यालाच आपण संध्याकाळी सातला वैरण टाकतो, ती नऊपर्यंत संपते, आणि मग सकाळी सहापर्यंत ते जनावर रिकाम्या पोटी उभं असतं. जठराच्या वरच्या भागाला आम्लापासनं संरक्षणच नसतं, तिथं अल्सर होतात.

मी जिथं शिकले तिथं एक कुमैत, म्हणजे तांबूस अंगाची आणि काळ्या आयाळीची घोडी होती. गव्हाणीच्या लाकडाची कड तिनं झिजवून झिजवून आत वळवली होती. वरचे पुढचे दात त्या कडेवर टेकवायची, मान आखडायची आणि घशातनं 'हुक्' असा आवाज काढत वारा ओढायची. मालकानं त्या कडेला मिरचीपूड आणि जुनं इंजिन ऑइल फासलेलं, घोडीच्या गळ्यात घट्ट पट्टा. पाहुणे आले की सांगायचे, हिला खोड आहे, जातच तसली. आणि मला सांगायचे, हिची चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक वाढव, अंगाला चकाकी येत नाही. मग मी हरभरा वाढवला, चकाकी आली, मालक खूश झाले, मला शाबासकी मिळाली, आणि घोडी लाकडावर दात घासतच राहिली. चंदी चार मिनिटांत संपते, ती चावायला लागतच नाही फारशी, म्हणजे लाळ कमी आणि आम्ल जास्त. आपण लाड करतोय असं वाटत असतं आणि पोट जळत असतं.

हे मला कुठल्या मालकानं नाही सांगितलं, नाल ठोकायला येणाऱ्या चाचांनी सांगितलं. "पोरी, दिवसा काय बघतीस, रातच्याला येऊन बघ." लग्नसराईत मी तिथंच मुक्कामाला होते, एकदा रात्री बारा वाजता टॉर्च घेऊन फिरले. सगळ्या गव्हाणी चाटूनपुसून लख्ख, एक घोडा स्वतःची लीद खात होता, एक दारापाशी उभा राहून डावीकडनं उजवीकडं, उजवीकडनं डावीकडं झोके घेत होता. कुणीच झोपलेलं नव्हतं. दिवसा हीच जनावरं इतकी गुणी दिसायची की गिऱ्हाईक फोटो काढायचं.

नंतर रात्री निजायच्या आधी सुकं गवत बारीक भोकांच्या जाळीत भरून लावायला सुरुवात केली. जाळीतनं एकेक काडी ओढून खावी लागते, त्यामुळं तेच गवत दुप्पट वेळ पुरतं. जाळी फार खाली बांधू नका, रिकामी झाली की लोंबते आणि पाय अडकतो. त्या घोडीची खोड गेली का? नाही गेली. जुनी झालेली ही सवय बहुतेक वेळा पूर्ण सुटत नाही, तसं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर तो काहीतरी विकतोय. पण कमी झाली, पट्टा काढला, लीद घट्ट पडायला लागली.

आता हिशेबाचा भाग, आणि इथं आपली कोल्हापूरची माणसं हमखास फसतात. घोड्याला रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के चारा लागतो, पण हा सुक्याचा हिशेब आहे. म्हणजे ४०० किलोच्या घोड्याला ६ ते ८ किलो. आपल्याकडं सगळं हिरवं. हत्तीगवतात ८० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, २० किलोचा भारा टाकला की डोळ्याला डोंगर दिसतो, पण हातात राहतात ४ किलो. म्हणजे अर्धपोटी. शिवाय हत्तीगवत आणि उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, या दोन्हीत ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम धरून ठेवतं, अंगाला लागू देत नाही. त्यावर आपण गव्हाचा कोंडा देतो, ज्यात फॉस्फरस भरमसाट. दोन्ही मिळून महिनोन्‌महिने चाललं की शरीर हाडातलं कॅल्शियम काढायला लागतं, घोडा कारण नसताना लंगडतो, पुढं तोंडाची हाडं फुगतात. लोक म्हणतात नजर लागली. नजर कसली, कोंडा लागला! उसाच्या पट्ट्यात राहतो म्हणून फुकटचं वाढं घोड्याला ढकलायचं, हे बंद करा. थोडा लसूणघास चालू करा, त्यात कॅल्शियम भरपूर असतं, आणि मुख्य पोट सुक्या गवतावर भरा. दिवाळीनंतर डोंगराकडचं गवत कापतात, तेव्हाच वर्षाचं भरून ठेवलेलं बरं, उन्हाळ्यात भाव ऐकून घाम फुटतो.

आणि म्हशीची पेंड, गोळी खाद्य घोड्याला अजिबात नाही. गाईम्हशींच्या काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध घातलेलं असतं, ते त्यांना चालतं, घोड्याच्या हृदयाचं वाटोळं करतं, थोडक्यात मरतो घोडा. पोतं शेजारी ठेवलेलंसुद्धा मला चालत नाही. कोण कधी चुकून पाटी भरेल सांगता येत नाही. चंदी एका वेळी २ किलोच्या वर नको, आणि कुठलंही खाणं बदलायचं तर आठ-दहा दिवस लावून हळूहळू. गूळ? तळहातावर एक खडा, बास. गुऱ्हाळावरनं ढेप आणली म्हणून फोडून घालणारे बहाद्दर मी बघितलेत.

घाबरून जाऊ नका हां. एवढं वाचून वाटेल की श्वास घेतला तरी घोडा मरतो. तसं नाही. गवत, पाणी, सोबतीला दुसरा घोडा आणि रोज थोडं मोकळं फिरणं, एवढं धड असेल तर घोडा लय चिवट जनावर आहे, तुमच्या बारीकसारीक चुका पोटात घालतो.

पोटदुखीच्या बाबतीत मात्र नाही घालत. घोड्याला उलटी करता येत नाही, आत गेलेलं पुढंच जाणार. सारखं कुशीकडं वळून बघतोय, पुढच्या पायानं माती उकरतोय, लोळतोय, लीद बंद आहे, तर समोरचा चारा काढून घ्या आणि डॉक्टरला फोन करा, त्याच क्षणी. डॉक्टर येईपर्यंत नाडी मोजून ठेवा, जबड्याखाली बोटाला लागते, शांत उभ्या घोड्याची मिनिटाला २८ ते ४४ असते, ६० च्या वर गेली तर फोनवर तेच पहिलं सांगा. बाटलीनं तेल पाजू नका, फुप्फुसात गेलं तर पोटदुखी राहिली बाजूला, न्यूमोनियानं जाईल. आणि दुखणं थांबवायचं इंजेक्शन स्वतःच टोचणारे जे 'अनुभवी' असतात त्यांच्यापासनं लांब राहा, दुखणं झाकलं जातं, आतडं आत पिळ खात राहतं, डॉक्टर येतो तेव्हा घोडा बरा दिसतो.

वरातीचं काम मिळालं तर एक गोष्ट आधीच ठरवून घ्या. मांडवात लीद पडू नये म्हणून दुपारपासनं चारा बंद करायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. रिकाम्या पोटी घोडा चालला, नाचला की आम्ल उसळून वरच्या त्या नाजूक भागाला लागतं, वर डॉल्बी छातीत धडधडतोय. निघायच्या अर्धा तास आधी दोन मुठी गवत खाऊ घाला. लीद पडली तर उचला, फावडं कशाला आहे?

पावसाळ्याचं थोडक्यात. आपल्याकडं जून ते सप्टेंबर तबेला सुका ठेवणं हेच अर्धं काम. खूर रोज उचलून साफ करायचे, मधल्या मऊ त्रिकोणी भागाशेजारच्या खाचांत काळं, घाण वास मारणारं काही दिसलं तर खूर सडायला लागलाय. नालबंदाची तारीख सहा ते आठ आठवड्यांची बांधून घ्या, तो मिळेल तेव्हा नाही. धनुर्वाताची लस घोड्याची आणि तुमची, दोघांची. नाकातनं घट्ट पिवळा स्राव येणाऱ्या अनोळखी घोड्याला हातमोज्याशिवाय हात लावू नका, ग्लँडर्स नावाचा घोड्यांचा जीवघेणा रोग माणसालाही होतो.

गुरू कुणाला करायचं? माझं मत स्पष्ट आहे, लोकांना आवडत नाही. जो घोडा घेताना पहिल्यांदा शुभ-अशुभ बघायला अंगावरच्या केसांचे भोवरे मोजतो आणि खूर उचलून बघत नाही, त्याच्याकडनं घोडा चालवायला शिका, सांभाळायला नको. यूट्यूबवरनं नाडी मोजायला शिकता येईल, लीद वाचायला नाही येणार. जुना मोतद्दार, म्हणजे घोडे सांभाळणारा, किंवा नालबंद धरा, चहा पाजा, गप्प बसून बघा. पण तेही म्हशीच्या गावचेच, त्यांचंसुद्धा सगळं मानायचं नाही, औषधाचं विचारायचं ते डॉक्टरलाच.

डिग्री करायची असेल तर व्हेटर्नरीला 'नीट' परीक्षा लागते, साडेपाच वर्षं इंटर्नशिप धरून, आपल्याला जवळचं सरकारी कॉलेज शिरवळला. ते जमलं नाही म्हणून रडू नका, मला नाही जमलं. पुण्याच्या रेसकोर्सकडं आणि स्टड फार्मवर मोतद्दार म्हणून सुरुवात करणारे बरेच आहेत, तिथं शिस्त लागते, पगार सुरुवातीला हसण्यासारखाच असतो, घरी आधी सांगून ठेवा. पोरींना वेगळं ऐकून घ्यावं लागतं, 'पागेत पोरगी काय करणार' वगैरे. लीद भरलेली पाटी उचलून दाखवली की बहुतेक गप्प होतात, उरलेल्यांकडं लक्ष द्यायला वेळ नसतो.

काम मागायला जाल तेव्हा सकाळी जाऊ नका, सकाळी सगळं झाडून ठेवलेलं असतं. दुपारी तीनच्या सुमाराला जा. गवत कुठं साठवता आणि रात्री शेवटचं कधी टाकता, एवढंच विचारा. तुम्हाला गवताच्या खोलीकडं नेलं तर पगाराचं बोलायला बसा. खोगिरं आणि ट्रॉफ्या दाखवायला लागले तर चहा घ्या आणि निघा. दिवाळी झाली की लग्नसराईमुळं सगळीकडं माणसं कमी पडतात, तेव्हा जागा मिळतेच, आणि जाताना गमबूट स्वतःचे घेऊन जा, तिथले कधीच मापाचे नसतात.