एप्रिलमध्ये डेक बाद होतो : पोकेमॉन कार्डांचं रोटेशन घरी कसं तपासायचं

पुण्यात शाळांच्या वार्षिक परीक्षा संपतात, मुलं कपाटातला साठ कार्डांचा डेक बाहेर काढतात आणि रविवारच्या स्पर्धेला जातात. रोटेशनही, म्हणजे जुनी कार्डं स्पर्धेतून बाद होणं, गेली काही वर्षं नेमकं एप्रिलमध्येच येतंय. जानेवारीत जिंकणारा डेक त्या दिवशी टेबलावर मांडताच येत नाही आणि मूल हिरमुसून घरी येतं. स्पर्धेच्या आदल्या शनिवारी अर्धा तास काढला तर हे नक्की टळतं.

स्टँडर्ड या स्पर्धेच्या नेहमीच्या प्रकारात कुठलं कार्ड चालतं, हे कार्डावरचं एक अक्षर ठरवतं. कार्डाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात, बारीक चौकटीत ते छापलेलं असतं. पॅक कधी विकत घेतलं, दुकानदार काय म्हणाला, याला काही अर्थ नाही. दरवर्षी सगळ्यांत जुनं अक्षर बाहेर जातं. १४ एप्रिल २०२३ ला ‘डी’ गेलं, ५ एप्रिल २०२४ ला ‘ई’, ११ एप्रिल २०२५ ला ‘एफ’. त्यापुढचा नंबर ‘जी’चा. ‘एफ’बरोबर व्ही, व्हीस्टार आणि रेडियंट कार्डांची अख्खी पिढी स्टँडर्डमधून संपली.

साठही कार्डं जमिनीवर पसरा आणि अक्षरांप्रमाणे ढीग लावा. स्लीव्ह (कार्डावरचं प्लास्टिकचं कव्हर) काढायची गरज नाही, अक्षर समोरून दिसतं. बेसिक एनर्जी (अटॅकसाठी लागणारी साधी ऊर्जा-कार्डं) आधीच बाजूला ठेवा, ती रोटेट होत नाही, जुनीही चालते. इंग्रजी कार्डांत एक झटपट खूण आहे : पिवळी किनार दिसली की कार्ड साधारण मार्च २०२३ च्या आधीचं. तेव्हापासून किनार राखाडी झाली. म्हणजे पिवळ्या किनारीचं प्रत्येक कार्ड संशयित, पण लगेच फेकायचं नाही.

कारण इथेच बहुतेकांची गफलत होते. जुनं कार्ड चालू अक्षराने पुन्हा छापलं गेलं असेल, तर तुमच्याकडची जुनी प्रतही चालते. ‘बॉसेस ऑर्डर्स’ हे ट्रेनर कार्ड (पोकेमॉन नसलेलं, मदतीचं कार्ड) २०२० मध्ये ‘डी’ अक्षराने आलं, २०२२ मध्ये ‘एफ’ने, २०२३ मध्ये ‘जी’ने. त्यामुळे ‘डी’ आणि ‘एफ’ गेल्यावरही आधीच्या प्रती डेकमध्ये राहिल्या. चित्रातलं पात्र जिओव्हानी असो, सायरस असो की गेचिस, कार्डाचं नाव एकच धरतात आणि सगळ्या मिळून चारच ठेवता येतात. ‘अल्ट्रा बॉल’ आणि ‘नेस्ट बॉल’च्या जुन्या प्रतीही ‘जी’ छपाईमुळेच तगल्या. ‘रेअर कँडी’च्या फार जुन्या प्रतींवर पहिल्या टर्नची अट छापलेलीच नाही. खेळताना मात्र नवा मजकूर लागू होतो. अशी प्रत वापरायची तर नवा मजकूर सोबत ठेवा आणि पहिल्या राउंडआधी जजला दाखवा.

प्रत्यक्ष पोकेमॉनच्या कार्डांना ही सवलत क्वचितच मिळते. तिथे नुसतं नाव जुळून भागत नाही, एचपी (जीवशक्तीचा आकडा), अ‍ॅबिलिटी, अटॅक सगळं तेच लागतं. नवा चारिझार्ड आला म्हणून जुना चारिझार्ड वाचत नाही.

तारखेचा घोळ वेगळाच. नवा सेट दुकानात आला की लगेच स्पर्धेत चालत नाही, साधारण दोन आठवडे थांबावं लागतं. २०२५ चंच घ्या. ‘जर्नी टुगेदर’ २८ मार्चला आला आणि ११ एप्रिलपासून लीगल झाला. म्हणजे रविवार ६ एप्रिलच्या स्पर्धेत ‘एफ’ चालत होतं आणि नवं ‘आय’ चालत नव्हतं. १३ तारखेच्या रविवारी बरोब्बर उलट. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये हा बदल प्रत्यक्ष स्पर्धांच्या आधीच होतो, म्हणून अ‍ॅपमधला डेक जसाच्या तसा उचलून टेबलावर आणू नका. आयोजकाला तारीख आणि फॉरमॅट दोन्ही विचारा.

आता भोकं बुजवायची. बाद झालेली कार्डं मोजा आणि प्रत्येकासमोर त्याचं काम लिहा : हातात पत्ते आणणं, शोधणं, मारणं, वाचवणं. ‘एफ’ गेलं तेव्हा पुष्कळांनी ‘रेडियंट ग्रेनिंजा’ आणि ‘लुमिनिऑन व्ही’च्या जागी आणखी अटॅकर घातले. ग्रेनिंजा एक एनर्जी टाकून दोन पत्ते देत होता, लुमिनिऑन सपोर्टर (ट्रेनर कार्डांचा एक प्रकार) शोधून देत होता. ती कामं कुणी उचललीच नाहीत आणि तिसऱ्या टर्नला हात कोरडा पडला. पत्ते देणाऱ्याच्या जागी पत्ते देणाराच हवा, मग तो ‘फेझँडिपिटी इएक्स’ असो की जास्तीचा सपोर्टर. नवा डेक झाला की वीस वेळा पिसून सात-सात पत्ते उचला. किती हातांत बेसिक पोकेमॉन आणि पत्ते आणणारं कार्ड दोन्ही आले, ते वहीत मांडा. निम्म्याहून कमी असतील तर अटॅकर कमी करा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळ्यांत जुन्या अक्षराचं महागडं सिंगल (सुटं कार्ड) घेऊ नका. बाद झालेली कार्डं मात्र विकायची घाई नको, ती एक्स्पांडेड या जुनी कार्डं घेणाऱ्या प्रकारात चालतात.

जुन्या प्रती वापरताना पुण्याचा पावसाळा लक्षात ठेवा. जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत फॉइल कार्ड कमानीसारखं वाकतं. तीन सरळ आणि एक वाकलेलं असेल, तर डेकमधून ते बोटाला कळतं आणि जज त्याला खुणेचं कार्ड ठरवू शकतो. डेकबॉक्समध्ये सिलिका जेलची पुडी टाका, वाकलेली प्रत साध्या प्रतीशी बदला, साठही स्लीव्ह एकाच पाकिटातल्या घ्या. जपानी कार्डं इथल्या अधिकृत स्पर्धेत चालत नाहीत, खेळण्यांच्या दुकानातली सोनेरी नकली तर कुठेच नाहीत.

मॅजिक हा दुसरा कार्डांचा खेळ खेळणाऱ्यांसाठी हिशेब निराळा, तिथे अक्षर नसतं, सेटचं वय मोजतात. यू-गी-ओमध्ये रोटेशनच नाही, बंदी-यादी असते.

शेवटी डेक लिस्ट. पोकेमॉनच्या ओळीत नाव, सेट, क्रमांक आणि अक्षर समोरच्या कार्डावरून बघून लिहा, आठवणीने नको. ट्रेनर आणि एनर्जीला नाव आणि संख्या पुरते. बेरीज साठच यायला हवी. यादीत बाद कार्ड राहिलं तर एक गेम न खेळताच हातचा जाऊ शकतो, म्हणून यादी दुसऱ्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला सांगा आणि तुम्ही एकेक कार्ड उलटत जा.