जुन्या बंदुकीविषयी विचारायला आलेल्या नवख्या माणसाशी वागताना या चुका टाळा

दसऱ्याचे शस्त्रपूजन झाले की पुढचे काही दिवस जुन्या शस्त्रांच्या संग्राहकांकडे चौकशी वाढते. एरवी वर्षभर माळ्यावर किंवा देवघराच्या कोपऱ्यात पडून असलेली पणजोबांची बंदूक त्या दिवशी खाली उतरते, तिला हळदकुंकू लागते, आणि घरातला एखादा तरुण किंवा एखादी सून प्रथमच विचारते की हे नेमके आहे तरी काय. अशा माणसाला योग्य शब्द ठाऊक नसतात, कायदा ठाऊक नसतो, आणि आपण विचारले म्हणून काही अडचण तर येणार नाही ना, अशी धाकधूकही मनात असते. जाणत्या मंडळींनी त्याला पहिल्याच भेटीत दुखावले, तर तो दुसऱ्यांदा येत नाही. मग ती बंदूक भंगारात जाते, ऐपत असलेल्या एखाद्या दलालाच्या हाती लागते किंवा घाबरून कुठेतरी विहिरीत टाकली जाते, आणि तिच्याबरोबर तिचा सगळा इतिहास बुडतो. म्हणूनच नवख्याशी बोलण्याची रीत हा जतनाचाच भाग आहे, असे मी मानतो. त्या बोलण्यात वरचेवर दिसणाऱ्या चुका आणि त्या कशा टाळाव्यात, हे येथे मांडले आहे.

नमस्काराआधीच परवान्याची उलटतपासणी

“परवाना आहे का?” हा प्रश्न आवश्यक आहे, तो चारचौघांत, पोलिसी सुरात आणि सर्वांत आधी विचारणे ही चूक आहे. 1878 च्या शस्त्र कायद्यापासून सामान्य माणसाच्या घरातील बंदूक सरकारी नजरेखाली आली आणि त्याविषयीची भीती घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या उतरत आली आहे. त्या भीतीवर आपण आणखी दडपण टाकले की माणूस गप्प होतो किंवा खोटे बोलतो, आणि दोन्हींत त्याचेच नुकसान होते. त्याला बाजूला घेऊन, “तुमच्यावर संशय म्हणून नव्हे, तुमची बाजू सुरक्षित राहावी म्हणून विचारतो,” असे सांगितले की तोच प्रश्न आधार वाटू लागतो.

याच्या उलट चूकही तितकीच घातक आहे. धीर देण्याच्या भरात काही ज्येष्ठ मंडळी म्हणून जातात, “अहो, शंभर वर्षांपूर्वीची आहे ना, मग परवाना कशाला लागतो?” हे चुकीचे आहे. शंभर वर्षांची अट पुरावस्तूंविषयीच्या 1972 च्या कायद्यातली आहे. 1959 च्या शस्त्र कायद्यातील कलम 45 मध्ये जुन्या घडणीच्या, पुरातन मूल्य असलेल्या किंवा मोडक्या शस्त्रांना सूट आहे खरी, पण ते शस्त्र दुरुस्ती करून किंवा न करता बंदूक म्हणून वापरता येण्याजोगे नसावे, ही अट तिला जोडलेली आहे. ज्या ठासणीच्या, म्हणजे तोंडाकडून दारू-गोळी ठासून भरायच्या, बंदुकीत आजही बार भरून उडवता येईल, तिचे वय कितीही असले तरी केवळ वयावर तिला सूट आहे असे समजता येत नाही. तो निर्णय संग्राहकाने द्यायचा नसतो. ग्रामीण भागात जिल्हादंडाधिकारी आणि आयुक्तालय असलेल्या शहरांत पोलीस आयुक्त यांच्याकडे तो विषय जातो, एवढे स्पष्ट सांगावे.

मूळ परवानाधारक वारले असतील तर वारसाला दोन गोष्टी सांगणे आवश्यक असते. बाळगणे कायदेशीर राहिले नसेल, तर शस्त्र कायद्याच्या कलम 21 प्रमाणे ते शस्त्र विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे असते. आणि वारस म्हणून स्वतःच्या नावे परवान्यासाठी अर्ज करण्याची सोय नियमांत आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात आणि वारसाहक्काने आलेली बंदूकही त्यातच धरली जाते. ही माहिती शांतपणे, शक्य तर कागदावर लिहून द्यावी, कारण घाबरलेल्या माणसाच्या लक्षात ऐकलेले राहत नाही.

चुकीच्या शब्दाला हसणे

नवखा माणूस चकमकीच्या (गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या) बंदुकीला तोड्याची (जळत्या वातीने पेटणारी) म्हणतो, चापाला (बोटाने दाबायच्या भागाला) घोडा (वरचा आपटणारा भाग) म्हणतो, बार ठासायच्या गजाला सळई म्हणतो. त्याने बिघडत काहीच नाही. आपण उत्तरात योग्य शब्द सहज वापरला की पुढच्या वाक्यात तो आपोआप तोच शब्द उचलतो. सर्वांसमोर दुरुस्ती केली तर मात्र त्याला शब्दाऐवजी अपमान लक्षात राहतो.

कोकणातल्या माणसाच्या बाबतीत मी विशेष काळजी घ्यायला सांगेन. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक बाळगणारी कुटुंबे आहेत. रानडुकरांपासून आणि वानरांपासून पीक राखणे हा तिचा उपयोग. तिच्यावर नक्षी नसते, नामांकित कारखान्याचा शिक्का नसतो, म्हणून “गावठी आहे” असे म्हणून काही जण तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. परंतु त्या घरातल्या वडीलधाऱ्यांना बार किती भरायचा, पावसाळ्यात दारू कोरडी कशी ठेवायची, दस्ता, म्हणजे बंदुकीचा लाकडी भाग, कोणत्या लाकडाचा चांगला, हे हाताच्या सवयीने माहीत असते आणि आपल्या संग्रहातल्या चांदीच्या तारकामाच्या बंदुकीबद्दल हे सांगणारे कोणी उरलेले नाही. त्या घरचा माणूस आला तर त्याला शिकवण्याच्या आधी त्याच्याकडून ऐकून घ्यावे.

“शिवकालीन वगैरे काही नाही” असे तोडून टाकणे

महाराष्ट्रात सर्वाधिक मने येथेच दुखावतात, म्हणून या चुकीवर थोडे सविस्तर लिहितो. घरात सांगितले गेलेले असते की ही बंदूक महाराजांच्या काळातली आहे, आपला मूळ पुरुष अमुक लढाईत होता. नवखा माणूस ते श्रद्धेने सांगतो, आणि समोरचा जाणकार एका वाक्यात तो दावा मोडीत काढतो. जाणकाराचे म्हणणे बरेचदा बरोबर असते, तरीही अशा उत्तरातून नवख्याच्या हाती काहीच पडत नाही, कारण नकार कळतो आणि त्यामागचे कारण कळत नाही.

कारण समजावून सांगणे अवघड नाही. तोड्याची बंदूक सतराव्या शतकात होती, तशीच ती अठराव्या शतकात होती आणि एकोणिसाव्या शतकातही आपल्याकडे बनत आणि वापरात होती. तिची रचना साधी असते, नाजूक कमानी नसतात, गावच्या लोहाराला ती दुरुस्त करता येते, म्हणून चकमकीची बंदूक आल्यावरही ती मागे पडली नाही. त्यामुळे केवळ तोड्याची आहे यावरून ती शिवकालीन ठरत नाही आणि शिवकालीन नाही असेही ठरत नाही. इतके सांगितले की ऐकणाऱ्याचा चेहरा पडत नाही; उलट मग काळ कशावरून ठरतो, असे तो स्वतःच विचारतो. तेथून खरे शिक्षण सुरू होते.

दुसरा तोडून टाकणारा शेरा म्हणजे “ही इंग्रजी आहे, मराठ्यांची नव्हे.” ईस्ट इंडिया कंपनीच्या चकमकीच्या बंदुकीची नळी साधारण 39 इंची, तोंड सुमारे पाऊण इंच, आणि घोड्याच्या बाजूच्या पट्टीवर आधीच्या काळात बदामाच्या आकाराचा कंपनीचा शिक्का व पुढे सिंहाचा शिक्का, या खुणा परिचित आहेत. पण तशाच घडणीची बंदूक दिसली म्हणून ती कंपनीच्या शिपायाचीच असेल असे नाही. महादजी शिंद्यांच्या पदरी डी बॉयन या युरोपीय सेनानीने जी कवायती पायदळे उभी केली, त्यांच्यासाठी आग्र्याला युरोपीय देखरेखीखाली तोफा आणि बंदुका तयार होत होत्या. युरोपीय नळीला देशी दस्ता बसवणे, एका बंदुकीची चकमक दुसरीला लावणे, हेही सर्रास चाले. अशा जोडकामाच्या वस्तूला “बनावट” म्हणणे हा त्या कारागिरावरही अन्याय आहे. तलवारींच्या बाबतीत हे आपण सहज मान्य करतो: 2025 मध्ये राज्य शासनाने लंडनच्या लिलावातून परत मिळवलेली रघुजी भोसल्यांची तलवार फिरंग पद्धतीची, म्हणजे युरोपीय पात्याची आहे, आणि तिच्या मराठीपणाविषयी कोणाला शंका नाही. बंदुकीच्या वाट्याला मात्र तेवढे औदार्य येत नाही.

शोभेसाठी अलीकडे बनवलेल्या बंदुकाही बाजारात भरपूर आहेत आणि त्या हौसेने विकत घेतलेला माणूस कधी ना कधी येतोच. त्याला सत्य सांगावेच लागते, पण एकट्याला आणि वस्तू हातात धरून सांगावे. नळीच्या मागच्या टोकाजवळचा कान, म्हणजे बत्ती पोचण्याचे छिद्र, आरपार आहे की नुसती खूण आहे, घोड्याची कमान काम करते की केवळ जोडलेली आहे, स्क्रूचे आटे यंत्रावर पाडलेले आहेत का, हे त्याला स्वतः पाहायला लावावे. स्वतः पाहून कळलेली गोष्ट माणूस स्वीकारतो आणि पुढच्या खरेदीत फसत नाही.

घराण्याच्या कथेचे काय करायचे? ती लिहून घ्यायची. कोणी सांगितली, कोणत्या गावी, घरात मोडी कागद, सनदा, जुने परवाने आहेत का, हे विचारायचे. कागद निघाले तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या 1910 पासून हेच काम करणाऱ्या संस्थेची वाट दाखवायची. बंदूक दीडशे वर्षांची निघाली तरी कागद तीनशे वर्षांचे असू शकतात, आणि ते हाती येण्याचे दार आपल्या एका तुसड्या शेऱ्याने बंद होते.

मन दुखावेल म्हणून धोक्याविषयी गप्प बसणे

सौजन्याचा अर्थ मऊ बोलणे असा घेतला की ही चूक होते. ठासणीच्या जुन्या बंदुकीत शेवटचा बार तसाच राहिलेला असू शकतो आणि कोरडी राहिलेली काळी दारू कित्येक दशकांनंतरही पेट घेऊ शकते. त्यामुळे फोटोमध्ये लहान मुलाच्या हातात बंदूक दिसली, किंवा कोणी नळीत डोकावताना दिसले, तर कौतुक, काळ, किंमत हे सगळे बाजूला ठेवून आधी सांगावे, “ती भरलेली आहे असे समजूनच हाताळा. तोंड कोणाकडेही नको, घोडा ओढू नका, चाप दाबून पाहू नका.” आवाज कडक झाला तरी चालेल, कारण लगेच सांगितले तर कोणी दुखावत नाही.

बार आहे की नाही, हे ओळखण्याची जुनी रीत नवख्याला समजावून सांगावी, म्हणजे आपण उगाच घाबरवत नाही हे त्याला पटते. नळीच्या तोंडासमोर न उभे राहता लाकडी काठी अलगद तळापर्यंत सोडायची, तोंडाशी खूण करायची आणि ती काठी बाहेरून नळीला लावून पाहायची. टोक कानाच्या बरेच अलीकडे थांबले तर आत काहीतरी आहे. तसे आढळले तर घरी काही काढण्याचा प्रयत्न करायचा नाही. बंदूक मोकळ्या दिशेला तोंड करून ठेवायची आणि पोलिसांना किंवा परवानाधारक बंदूकदुरुस्ती करणाऱ्याला बोलवायचे.

घासून चकचकीत केल्यावर रागावणे

उत्साही माणूस पॉलिशपेपरने नळी चकचकीत करून, दस्त्याला वॉर्निश लावून आणतो. शिक्का गेला, घोटीव काळसर रंग गेला, याचे दुःख खरे आहे, पण रागावल्याने ते परत येत नाही. हा सल्ला पहिल्या संपर्कातच द्यायला हवा होता आणि ते काम आपले होते. वस्तू पाहण्याआधीच सांगून ठेवावे की घासू नका, फक्त मऊ कोरड्या कापडाने पुसा आणि धातूवर हलके तेल लावा. पूजेच्या बाबतीत तर शब्द जपून वापरावेत. ओले हळदकुंकू लोखंडावर राहिले तर गंज धरतो, हे खरे आहे. परंतु पूजा करू नका असे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. पूजेनंतर त्याच दिवशी कोरडे पुसून तेलाचा हात फिरवा, इतके पुरते आणि ते घरातल्या आजीलाही मान्य होते.

सल्ला देता देता सौदा करणे

माझ्या मते सर्वांत गंभीर चूक हीच आहे. माहिती विचारायला आलेल्या माणसाला “किती घेणार?” असे विचारणारा संग्राहक त्या क्षणी मार्गदर्शक राहत नाही. त्याने पुढे सांगितलेला काळ, दोष, मोल, सगळेच संशयास्पद होते. परवाना संपल्याची भीती दाखवून स्वस्तात वस्तू काढून घेणे हे तर उघड अनीतीचे आहे, आणि परवान्याची बंदूक अशी हातोहात देणे हा देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांसाठीही गुन्हा ठरतो. ज्याने ओळख पटवून दिली त्याने ती वस्तू विकत घेऊ नये, आणि घरच्यांनीच विकायचे ठरवले तर दुसऱ्या दोन जाणकारांचे मत घ्यायला लावावे, हा दंडक संग्राहकांच्या प्रत्येक मंडळाने पाळावा असे मला वाटते. वस्तू पुरावस्तू ठरणारी असेल तर ती परदेशी पाठवण्यावर 1972 च्या कायद्याने निर्बंध आहेत, हेही कुटुंबाला माहीत असले पाहिजे, कारण परदेशातल्या किमती ऐकवून भुलवणारे लोक असतात.

आधीच दुखावला गेलेला माणूस

कधी आपल्याच मंडळीतल्या एखाद्याने आधी तुटक उत्तर दिलेले असते आणि नवखा माणूस निघून गेलेला असतो. अशा वेळी मंडळातल्या ज्येष्ठाने स्वतः फोन करावा. “त्यांचा स्वभावच तसा आहे,” अशी सारवासारव न करता, “तुमच्या प्रश्नाचे उत्तर राहून गेले, ते द्यायला फोन केला,” असे म्हणून थेट त्या प्रश्नाकडे यावे. बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची असेल तर कोणीतरी सोबत जावे. जमा करण्याआधी दोन्ही बाजूंचे, शिक्क्यांचे आणि दस्त्यावरच्या खुणांचे फोटो काढायला सांगावे, पावतीवर वर्णन नीट लिहून घ्यायला लावावे आणि त्या पावतीची प्रत घरातल्या मोडी कागदांसोबत ठेवायला सांगावी.