स्केचअपच्या रूबीत ऑब्झर्व्हर लावताना

समजा, स्केचअप या थ्रीडी सॉफ्टवेअरसाठी रूबी भाषेत कोड लिहिताय आणि मॉडेलमध्ये नवा ग्रुप तयार झाला की त्याला ठरावीक टॅग आपोआप लागायला हवा. त्यासाठी सारखं मॉडेल चाळत बसायची गरज नाही. ऑब्झर्व्हर, म्हणजे बदलांवर लक्ष ठेवणारा ऑब्जेक्ट, लावा; बदल झाला की स्केचअप स्वतःच कळवतं.

मॉडेलमधल्या वस्तूंना एंटिटीज म्हणतात. एंटिटीज-ऑब्झर्व्हरपासून आपला क्लास काढा आणि त्यात ऑन-एलिमेंट-ॲडेड ही मेथड लिहा. तिला दोन गोष्टी मिळतात: एंटिटीजचा संग्रह आणि नवी वस्तू. कोडमध्ये नाव सलग रोमन अक्षरांत, 'ऑन' स्मॉल, पुढच्या दोन्ही शब्दांचं पहिलं अक्षर कॅपिटल. यात चूक झाली तर एरर येत नाही, मेथड फक्त कधीच चालत नाही. म्हणून आधी आत एकच पुट्स (मजकूर छापणारी आज्ञा) टाकून कन्सोलवर खात्री करा.

मग ऑब्जेक्ट बनवून मॉडेलच्या एंटिटीजवर ॲड-ऑब्झर्व्हरने लावा. ऑब्जेक्ट मॉड्यूलच्या व्हेरिएबलमध्ये जपून ठेवा, कारण रिमूव्ह-ऑब्झर्व्हरला तोच ऑब्जेक्ट लागतो, त्याच क्लासचा दुसरा चालत नाही. स्क्रिप्ट पुन्हा लोड करताना जुना काढला नाही, तर प्रत्येक घटना दोनदा येते.

खरी गोची पुढे आहे. मेथडच्या आतच टॅग बदलायचा मोह होतो. तसं करू नका. तेव्हा वापरकर्त्याचं ऑपरेशन (एका अन्डूत मागे जाणारा बदलांचा गट) अर्धवट असतं. मधेच हात घातला की अन्डूचा क्रम बिघडतो, कधी स्केचअपच बंद पडतं. मेथडमध्ये वस्तू फक्त ॲरेमध्ये टाका आणि यूआयचा स्टार्ट-टायमर ० सेकंद, रिपीट फॉल्स असा लावा. टायमर आधीच लागलेला असेल तर दुसरा नको. टायमरच्या ब्लॉकमध्ये प्रत्येक वस्तू अजून व्हॅलिड आहे का (मधेच डिलीट तर झाली नाही ना) ते तपासा, मग स्टार्ट-ऑपरेशन उघडा. त्याचं चौथं आर्ग्युमेंट ट्रू दिलंत की तुमचा बदल आधीच्या ऑपरेशनला जोडला जातो आणि वापरकर्त्याला एकाच अन्डूत दोन्ही मागे घेता येतात. शेवटी कमिट करून ऑपरेशन पूर्ण करा. ब्लॉकमध्ये मेसेजबॉक्स उघडू नका: तो बंद होईपर्यंत हा 'एकदाच'चा टायमरही पुन्हापुन्हा चालतो.

ऑन-एलिमेंट-मॉडिफाइड वापरत असाल तर तुमचाच बदल तुम्हाला पुन्हा कळवला जातो आणि चक्र थांबत नाही. बदलाआधी एक फ्लॅग ट्रू करा, तो ट्रू असेपर्यंत मेथडमधून लगेच परत फिरा. एन्शुअरमध्ये (एरर आली तरी चालणाऱ्या भागात) तो फॉल्स करा. ऑन-एलिमेंट-रिमूव्ह्ड मात्र वस्तू देत नाही, फक्त तिचा आयडी देतं. नाव वगैरे हवं असेल तर आधीच नोंदवून ठेवलेलं बरं.

हा ऑब्झर्व्हर ज्या एंटिटीजवर लावला तेवढंच पाहतो. कंपोनंटच्या आतलं कळायला त्याच्या डेफिनिशनच्या (मूळ व्याख्येच्या) एंटिटीजवर वेगळा लावावा लागतो.

नवी फाईल उघडली की सगळं पुन्हा लावायचं. हे ॲप-ऑब्झर्व्हरच्या (अख्ख्या स्केचअपवर लक्ष ठेवणाऱ्या ऑब्झर्व्हरच्या) ऑन-न्यू-मॉडेल आणि ऑन-ओपन-मॉडेलमध्ये करा, आणि त्याच्याच एक्सपेक्ट्स-स्टार्टअप-मॉडेल-नोटिफिकेशन्स या मेथडमधून ट्रू परत करा. नाहीतर स्केचअप सुरू होतानाचं पहिलंच मॉडेल निसटतं.