वळताना येणारी टकटक आणि मी काढलेला चुकीचा जॉइंट

आयटीआयला मोटर मेकॅनिकची दोन वर्षं करून मी सांगलीजवळच्या एका गॅरेजात लागलो, तेव्हा सीव्ही जॉइंट, म्हणजे पुढचं चाक वळलं तरी त्याला इंजिनाची ताकद सारख्या वेगानं पोचवणारा सांधा, मला कागदावर तोंडपाठ होता. सहा गोळ्या, त्यांना धरणारा पिंजरा, खाचांची आतली रेस, बाहेरचा कप. आकृती काढा म्हटलं की पैकीच्या पैकी. पण तो खराब झाल्यावर वाजतो कसा, हे कुणी ऐकवलं नव्हतं.

तिसऱ्याच महिन्यात एक पांढरी हॅचबॅक आली. मालक म्हणाले, "डावीकडं वळताना टकटक वाजतंय." मी लगेच डावं चाक काढलं. दुपारपर्यंत एक्सल, म्हणजे जॉइंट बसवलेला दांडा, खाली, संध्याकाळपर्यंत नवा जॉइंट टाकून गाडी तयार. ट्रायलला निघालो आणि पहिल्याच डाव्या वळणावर टक-टक-टक. शेजारी बसलेल्या वस्तादांनी फक्त माझ्या खिडकीकडं बोट दाखवलं. आवाज उजव्या चाकातून येत होता.

"इचारलंस का त्येला, आवाज कवा येतोय, कुठनं येतोय? का आला की पाना घिऊन बसलास?"

डावीकडं वळताना गाडीचा भार उजव्या, म्हणजे वळणाच्या बाहेरच्या चाकावर जातो, म्हणून बहुतेक वेळा उजवा जॉइंट बोलतो. नेहमीच असं होतं असं नाही, पण मालकाच्या तोंडून 'डावीकडं' ऐकून डावं चाक उघडणं हा शुद्ध बावळटपणा होता.

गाडी वळतानाच जॉइंट का वाजतो हे समजून घ्या, म्हणजे पुढची निम्मी कामं सोपी होतात. जीपच्या मागच्या शाफ्टला क्रॉस, म्हणजे अधिक चिन्हाच्या आकाराचा साधा सांधा असतो. क्रॉस कोनात फिरला की त्याच्या पलीकडच्या शाफ्टचा वेग एका फेऱ्यात दोनदा कमी-जास्त होतो. मागं कोन लहान असल्यानं ते खपून जातं. पुढच्या चाकांना मात्र ताकदही द्यायची आणि ती वळवायचीही, तिथं तो हिसका स्टेअरिंगला जाणवेल. सीव्ही जॉइंटमध्ये गोळ्या दोन्ही शाफ्टमधल्या कोनाच्या बरोबर मध्यावर राहतात, त्यामुळं वेग सारखा राहतो. 1959 सालची छोटीशी मिनी पुढच्या चाकांवर पळू शकली ती याच जातीच्या जॉइंटमुळं. गाडी सरळ चालली की गोळ्या खाचेत जवळजवळ जागच्या जागी असतात. वळली की प्रत्येक फेऱ्यात पुढं-मागं सरकतात. खाचेला खड्डा पडला असेल तर गोळी त्यात पडते आणि बाहेर उसळते. ती टकटक.

खड्डा पडायची सुरुवात बहुधा रबरी बुटापासून, म्हणजे जॉइंटवरच्या रबरी आवरणापासून होते. बूट फाटला की आतलं काळं ग्रीस चाकासोबत फिरत बाहेर फेकलं जातं आणि माती-पाणी आत शिरतं. आमच्याकडं उसाच्या रस्त्यानं जाणाऱ्या गाड्यांत हे फार. रिमच्या आतल्या बाजूला काळे चिकट शिंतोडे दिसले की आवाज यायच्या आधीच बूट तपासा. वेळेत सापडला तर साफ करून, नवं ग्रीस भरून, नवा बूट चढवला की भागतं. एकदा टकटक सुरू झाली की नुसता बूट बदलून काही होत नाही, गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांगा.

आता मी ट्रायल अशी मारतो. मोकळी जागा, काच खाली, स्टेअरिंग पूर्ण कापून पहिल्या गिअरमध्ये गोल, मध्येच थोडा ॲक्सिलरेटर. मग दुसऱ्या बाजूनं. टकटक चाकाच्या वेगासोबत वाढली आणि ॲक्सिलरेटर दिल्यावर चढली तर बाहेरचा, म्हणजे चाकाकडचा जॉइंट. गाडी उभी असताना स्टेअरिंग फिरवल्यावरच एखादा 'टण्ण' आला तर स्ट्रटच्या, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या, वरच्या बेअरिंगकडं किंवा स्प्रिंगकडं जा. सरळ रस्त्यावर वेग घेताना गाडी थरथरली तर आतला, म्हणजे गिअरबॉक्सकडचा जॉइंट. घूं-घूं असेल तर चाकाचं बेअरिंग. आणि हो, आधी टायरच्या नक्षीत अडकलेला खडा बघा, चाकाचे नट घट्ट आहेत का ते बघा. मी एकदा व्हील कव्हरच्या तुटक्या क्लिपमागं अर्धा तास घालवलाय.

उघडताना हबचा, म्हणजे चाकाच्या मध्यावरचा मोठा नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचा, मागच्या चाकाला उटी (अडसर) लावून. हवेत लटकवलेल्या चाकावर जोर लावाल तर गाडी जॅकवरून घसरायची. जॅकवर कधीच भरवसा नको, खाली स्टँड हवाच. एक्सल ओढायच्या आधी गिअरबॉक्सचं ऑइल काढा, नाहीतर ते तुमच्या बाहीत येतं. जॉइंट शाफ्टवरून उतरवताना लोखंडी हातोडा थेट मारू नका, मध्ये पितळी ड्रिफ्ट (ठोकायची कांडी) ठेवा. आतली सर्क्लिप, म्हणजे जॉइंट अडकवून ठेवणारी तारेची कडी, नवी टाका. ग्रीस किटमधल्या पुडीतलंच वापरा. चेसिसला मारतो ते पिवळं ग्रीस इथं चालत नाही. हबचा नटसुद्धा नवा, आणि मॅन्युअलमधल्या टॉर्कलाच (तेवढ्याच जोरानं) आवळायचा, कारण बऱ्याच गाड्यांत तोच नट बेअरिंग दाबून धरतो. त्यामुळं शाफ्ट बाहेर असताना गाडी चाकावर उतरवून ढकलायची नाही.

त्या डाव्या जॉइंटचे पैसे वस्तादांनी मालकांकडून घेतले नाहीत, माझ्या पगारातूनही कापले नाहीत. मी उगीच काढलेला तो धड डावा जॉइंट आणि दुसऱ्या दिवशी निघालेला उजवा, दोन्ही डिझेलनं धुऊन त्यांनी फळीवर ठेवायला लावले. अजून तिथंच आहेत. नवा पोरगा आला की डोळे मिटून दोन्हींच्या खाचेतून नख फिरवायला सांगतो. कुठला कुठला हे तो सांगतो, मगच त्याच्या हातात पाना देतो.