नैराश्य आणि चिंतेत व्यायाम कसा सुरू करावा आणि कसा टिकवावा

नैराश्याने ग्रासलेल्या माणसाला व्यायामाचा सल्ला सगळेच देतात, परंतु तो पाळण्यासाठी जी उमेद लागते तीच या आजाराने आधी हिरावून नेलेली असते, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. त्यामुळे ‘बरे वाटले की सुरुवात करीन’ असे ठरवणाऱ्याची सुरुवात होतच नाही. नैराश्यात हा क्रम उलटा धरावा लागतो: हालचाल आधी आणि उत्साह मागाहून. म्हणून व्यायामाचे माप चांगल्या दिवसाच्या उत्साहावर न ठरवता सर्वांत वाईट दिवशी जेवढे झेपेल तेवढेच ठरवावे, अशी माझी या विषयातली पहिली आणि सर्वांत आग्रहाची सूचना आहे.

व्यायामाचा उपयोग होतो याला भरवशाचा आधार आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात झालेल्या आणि 1999 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नैराश्याच्या आजाराचे निदान झालेल्या, पन्नाशीच्या पुढच्या 156 स्त्री-पुरुषांचे तीन गट केले होते: एकाला केवळ व्यायाम, दुसऱ्याला केवळ औषध आणि तिसऱ्याला दोन्ही. सोळा आठवड्यांनंतर तिन्ही गटांत जवळजवळ सारखीच सुधारणा दिसली, मात्र औषधाचा गुण आधी दिसू लागला होता. त्या अभ्यासात काहीच उपचार न घेणारा गट नव्हता, त्यामुळे त्यावरून फार मोठे दावे करू नयेत. परंतु व्यायामाला आठवडे द्यावे लागतात एवढे त्यातून नक्की शिकावे. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 2024 साली 218 चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. त्यात चालणे-धावणे, योगासने आणि ताकदीचे व्यायाम या तिन्हींचा नैराश्यावर चांगला परिणाम आढळला. म्हणजे अमुकच व्यायाम हवा असे नाही. जो आपल्याकडून होईल तो धरावा.

सुरुवातीपूर्वी डॉक्टरांना भेटावे. छातीत दुखणे, दम लागणे, चक्कर येणे, रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर तपासणी झाल्याशिवाय जोराचा व्यायाम करू नये. मनाची औषधे चालू असतील तर ती स्वतःहून कमी किंवा बंद करू नयेत. व्यायाम औषधाच्या जोडीने करायचा आहे, त्याच्या जागी नव्हे. लिथियम घेणाऱ्यांनी विशेष जपावे, कारण घाम जाऊन शरीरातले पाणी कमी झाले की रक्तातील लिथियमचे प्रमाण वाढू शकते. चिंतेसाठी प्रोप्रॅनोलोलसारखी गोळी चालू असेल तर नाडीचे ठोके एरवीइतके वाढत नाहीत, तेव्हा ठोके मोजून व्यायामाचा जोर ठरवू नये. आणि जगणे नकोसे वाटत असेल, मरणाचे विचार येत असतील, तर हा लेख बाजूला ठेवून आधी घरातल्या कोणाला तरी सांगावे आणि टेलिमानसच्या 14416 या क्रमांकावर फोन करावा. ही सरकारी सेवा विनामूल्य असून दिवसरात्र चालू असते. आपल्या बडोद्यात कारेलीबागेत सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे आणि सयाजी रुग्णालयातही मनोविकारतज्ज्ञ भेटतात. तिथे जाण्यात संकोच मानू नये.

पहिल्या दोन आठवड्यांत चालण्याखेरीज काहीही करू नये. वेळ घड्याळावर न बांधता रोज घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला जोडावी. उदाहरणार्थ, सकाळचा चहा झाला की कप तसाच ठेवून चपला घालायच्या. कपडे बदलण्याची गरज नाही, नवे बूट आणण्याचीही नाही. दहा मिनिटे चालावे. तेही होणार नाही असा दिवस आला तर गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत यावे आणि तो दिवस पूर्ण धरावा. हे लहान माप हास्यास्पद वाटते, पण नैराश्यातले मन ‘माझ्याकडून काहीच होत नाही’ याचा पुरावा सतत शोधत असते, आणि मोठे माप ठरवून मोडले तर तो पुरावा आपणच त्याच्या हाती देतो. दोन आठवडे हे जमले की दर आठवड्याला पाचेक मिनिटे वाढवावीत.

याच काळात एक नोंद ठेवावी आणि ती कधीही टाळू नये. भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या चौकटीत बाहेर पडण्यापूर्वी मनाची अवस्था शून्य ते दहा यांपैकी एका आकड्याने लिहावी आणि परत आल्यावर पुन्हा लिहावी. दोन वरून तीन झाले तरी ते लिहावे. नैराश्यात चांगल्या क्षणांची आठवण टिकत नाही. महिन्याने ‘कशाचाच उपयोग झाला नाही’ असे मनापासून वाटते, आणि त्या वेळी आपल्याच अक्षरातले आकडे नातेवाइकांच्या समजावण्यापेक्षा अधिक कामाला येतात.

पुढे हळूहळू जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेल्या मापाकडे जावे: आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम जोराचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारे प्रकार. मध्यम जोर म्हणजे चालताना बोलता येते पण गाता येत नाही, इतका. ताकदीसाठी सूर्यनमस्कार, बैठका किंवा भिंतीला हात टेकून काढलेले जोर पुरेसे आहेत. मात्र हे माप गाठले नाही म्हणून निराश होण्याचे कारण नाही, कारण त्याहून कमी व्यायामाचाही उपयोग होतो.

चिंतेचा, विशेषतः अचानक येणाऱ्या भीतीच्या झटक्यांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. त्यात छातीची धडधड, धाप, घाम ही लक्षणेच भीतिदायक होऊन बसतात, आणि व्यायामातही नेमकी हीच लक्षणे येत असल्यामुळे माणूस व्यायाम टाळतो. परंतु उपायही इथेच आहे. डॉक्टरांनी हृदय निर्दोष असल्याचे सांगितले असेल तर घराचा जिना मिनिटभर चढउतार करावा, छाती धडधडू लागली की थांबून उभे राहावे आणि ती आपोआप शांत होईपर्यंत तिच्याकडे लक्ष द्यावे; मोबाईल पाहू नये, लगेच पाणी पिऊ नये, पळ काढू नये. धडधड ओसरते, आणि आपण काही न करता ओसरते, हे शरीराला पुन्हा पुन्हा अनुभवू द्यावे. काही दिवसांनी एका मिनिटाचे दोन करावेत. झटक्यांचे प्रमाण फार असेल तर हे समुपदेशकाच्या देखरेखीखाली करणे श्रेयस्कर. असे झटके येणाऱ्यांनी व्यायामाच्या आधी कडक चहा-कॉफी घेऊ नये आणि चालणे चहाऐवजी दुसऱ्या एखाद्या गोष्टीला जोडावे, कारण चहा-कॉफीने येणारी धडधड वेगळी ओळखता येत नाही.

जागेच्या बाबतीत बडोदेकर भाग्यवान आहेत. महाराज सयाजीरावांनी 1879 साली लोकांसाठी खुली केलेली कमाटीबाग शहराच्या मध्यात आहे. झाडांची सावली आहे, बसायला बाकही आहेत. ज्यांना गर्दीची धास्ती वाटते त्यांनी पहिल्या दिवशी केवळ फाटकापर्यंत जावे, दुसऱ्या खेपेला पहिल्या बाकापर्यंत, आणि असे अंतर वाढवीत जावे. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी सातच्या आत परतावे. मनोविकारावरील काही औषधांनी घाम कमी येतो किंवा उष्णता सोसत नाही, म्हणून ती घेणाऱ्यांनी उन्हाळ्यात घरातच व्यायाम करणे बरे. पावसाळ्यात रस्त्यांवर पाणी साचते आणि क्रम मोडतो, त्यामुळे घरातला पर्याय, म्हणजे जिना, सूर्यनमस्कार किंवा खोलीतल्या फेऱ्या, जूनपूर्वीच ठरवून ठेवावा.

आपल्या शहराला तालमीची मोठी परंपरा आहे. प्रोफेसर माणिकराव यांनी आपल्या गुरूंच्या नावाने वाढवलेले जुम्मादादा व्यायाम मंदिर बडोद्यातल्या अनेक मराठी घरांत आजही आदराने घेतले जाणारे नाव आहे. अशा ठिकाणी किंवा शेजारच्या योगवर्गात जाण्याचा लाभ केवळ व्यायामाचा नसतो. दोन दिवस दिसलो नाही तर कोणीतरी चौकशी करते, आणि एकटेपणात बुडालेल्या माणसाला ती चौकशी फार मोलाची असते. मात्र ‘मन कमकुवत असणाऱ्यांनाच हे आजार होतात’ असे जिथे ऐकवले जाते, तिथे जाऊ नये. नवरात्रापूर्वी भरणाऱ्या गरब्याच्या सराववर्गांचाही उपयोग करून घ्यावा. वर उल्लेखिलेल्या आढाव्यात नृत्याचा परिणाम बराच मोठा दिसला, जरी त्यावरचे अभ्यास थोडे होते. परंतु प्रत्यक्ष नवरात्रात जागरण टाळावे. ज्यांना उन्माद आणि नैराश्य आलटून-पालटून येते, त्यांच्यात झोपमोड हेच उन्मादाचे निमित्त होऊ शकते.

घरच्यांसाठी दोन शब्द. ‘जरा फिरून ये, बरे वाटेल’ हे वाक्य प्रेमाने म्हटले तरी ऐकणाऱ्याला आपल्या असमर्थतेची आठवण करून देते. त्याऐवजी स्वतः चपला घालून ‘चल, कोपऱ्यावरून दूध घेऊन येऊ’ असे म्हणावे आणि वाटेत गप्प राहावे लागले तरी गप्पच राहावे. नकार आला तर वाद घालू नये. संध्याकाळी पुन्हा विचारावे. रोज सोबत येणारी एक आई, एक काका किंवा एक मित्र पुरेसा असतो.

खंड पडेल, हे गृहीतच धरावे. सण, आजारपण किंवा पाहुणे यांमुळे आठवडा गेला तर राहिलेली मिनिटे भरून काढण्याचा प्रयत्न करू नये. पुन्हा दहा मिनिटांपासून सुरुवात करावी आणि कालनिर्णयावरची रिकामी चौकट रिकामीच ठेवावी. उलट, व्यायाम चुकला की अपराधी वाटणे, दुखत असूनही व्यायाम करणे किंवा जेवण कमी करून तो वाढवणे असे होऊ लागले तर तेही डॉक्टरांना सांगण्यासारखे लक्षण समजावे.

आठ आठवडे नियमाने करूनही आकडे हलत नसतील, झोप किंवा भूक अधिक बिघडत असेल, तर त्यात व्यायाम करणाऱ्याचा दोष नसतो. उपचार बदलण्याची वेळ आलेली असते. अशा वेळी कालनिर्णयाची ती पाने फाडून सोबत न्यावीत, म्हणजे कोणत्या आठवड्यात काय घडले हे आठवून सांगण्याचे कष्ट पडत नाहीत आणि डॉक्टरांना औषधाचे प्रमाण ठरवताना त्यांचा प्रत्यक्ष उपयोग होतो.