रेपियर घेताय? आधी व्हर्निअर काढा

रेपियर, म्हणजे सोळाव्या-सतराव्या शतकातली युरोपातली लांब, सरळ तलवार, घ्यायचीय म्हणून कोणी सल्ला मागितला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पात्याची जाडी किती? समोरचा गोंधळतो. विक्रेत्याने लांबी दिलेली असते, वजन दिलेलं असतं, मुठीचे दहा बाजूंनी काढलेले फोटो असतात. जाडीचा मात्र कुठे पत्ता नसतो.

मी पेशाने क्वालिटी इन्स्पेक्टर, दिवसभर हातात व्हर्निअर, म्हणजे मिलिमीटरच्या अंशापर्यंत जाडी मोजायचं साधन. तरी माझी पहिली रेपियर मी फोटोवर भाळूनच घेतली. मूठ फारच देखणी होती, एकात एक गुंफलेल्या वळणदार कड्यांची. पार्सल उघडलं, तलवार उचलली आणि टोक आपोआप जमिनीकडे निघालं. तलवारबाजीच्या क्लबात आमच्या प्रशिक्षकांनी ती हातात घेतली, एक झेप टाकली आणि काही न बोलता मला परत दिली. घरी येऊन मोजली. मुठीपाशी ५ मिमी, टोकाजवळ ४.४. म्हणजे ती तलवार नव्हतीच, पोलादाची पट्टी होती. एकसारख्या जाडीच्या पत्र्यातून कापून कडा घासलेली.

जुन्या चांगल्या पात्याचं असं नसतं. मुठीपाशी ते सात-आठ मिमी, कधी त्याहून जाड असतं. मग जाडी झपाट्याने उतरते आणि टोकाजवळ दोन-तीन मिमीवर येते. त्यामुळे बहुतेक वजन हाताजवळ राहतं. पातं मीटरभर किंवा त्याहून लांब असूनही टोक मनात येईल तिकडे वळतं. मुठीजवळचा जाड भाग समोरच्याचा वार अडवतो, पुढचा भाग फक्त पोचायचं काम करतो. फोटो समोरून काढलेला असतो, त्यात रुंदी दिसते. जाडी बघायची तर पातं कडेने धरावं लागतं, आणि तसा फोटो सहसा कोणी काढत नाही.

एक गैरसमज इथेच काढून टाकते. रेपियर म्हणजे काडीसारखी हलकी तलवार, असं बरेच जण समजतात. खऱ्या रेपियरचं वजन साधारण एक ते सव्वा किलो भरतं. सिनेमात दिसते ती सुईसारखी तलवार बहुधा नंतरच्या काळातली असते, तिला स्मॉलस्वोर्ड म्हणतात.

पैसे खर्च करण्याआधी पाय झिजवा. लंडनला मँचेस्टर स्क्वेअरमध्ये वॉलेस कलेक्शन आहे, प्रवेश फुकट. लीड्सला रॉयल आर्मरीज, ड्रेस्डेनला राजवाड्यातलं र्‍युस्टकामर, माद्रिदला रेआल आर्मेरिया. लोक काचेसमोर उभे राहून मूठ बघतात. तुम्ही कपाटाच्या टोकाला जा, गुडघे वाकवा आणि टोकाकडून मुठीकडे पात्याच्या कडेवरून नजर टाका. पातं पाचरीसारखं जाड होत जाताना दिसेल. अशी दहा पाती पाहिली की अकराव्या वेळी सपाट पट्टी लगेच ओळखू येते. आजूबाजूचे लोक जरा विचित्र नजरेने बघतात, त्याला इलाज नाही.

मुठीवरून काळाचा अंदाज येतो. वळणदार दांड्यांची, हाताभोवती पिंजरा केल्यासारखी मूठ साधारण सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातली आणि सतराव्याच्या सुरुवातीची. दोन बाजूंना जाळीदार छिद्रांचे शिंपले असतील तर तिला पापेनहायमर म्हणतात. हे नाव युरोपातल्या तीस वर्षांच्या युद्धातल्या पापेनहाइम या सेनानीवरून पडलं, तो १६३२ साली ल्युट्झेनच्या लढाईत जखमी होऊन मेला. अख्खी वाटी असेल तर ती सतराव्या शतकातली, स्पेनमधली किंवा स्पेनच्या अमलाखालच्या इटलीतली असण्याची शक्यता जास्त. मुठींचे असे पुष्कळ पोटप्रकार आहेत. ए. व्ही. बी. नॉर्मन यांनी १९८० सालच्या पुस्तकात त्यांना क्रमांक दिले. लिलावाच्या कॅटलॉगमध्ये ‘नॉर्मन’ आणि पुढे आकडा दिसला तर तो या पुस्तकातला.

पात्यावरचं नाव मात्र सगळ्यात शेवटी वाचा. स्पेनमधल्या तोलेदोच्या पात्यांचा दबदबा एवढा होता की जर्मनीतल्या झोलिंगनचे कारागीर आपल्या पात्यांवर बिनदिक्कत ‘तोलेदो’ कोरत आणि स्पॅनिश उस्तादांची नावं टाकत. कधी तर स्पेलिंगही चुकत. साहागुन या तोलेदोच्या उस्तादाचं नाव किती तऱ्हांनी कोरलेलं सापडतं! म्हणजे नकली नाव असलेलं पातंसुद्धा चारशे वर्षं जुनं आणि उत्तम घडणीचं असू शकतं. पातं एका गावचं आणि मूठ दुसऱ्या गावची, यातही वावगं काही नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात जर्मनीतल्या सॅक्सनीचा शासक (इलेक्टर) दुसरा क्रिस्टियान याची रेपियर आहे. मूठ इस्राएल शुएख या ड्रेस्डेनच्या कारागिराची, १६०६ सालची; पातं तोलेदोच्या हुआन मार्तिनेसचं. प्रश्न एवढाच असतो की दोघांची गाठ तेव्हाच पडली की परवा एखाद्या वर्कशॉपमध्ये.

हा प्रश्न मला पैसे मोजून शिकावा लागला. एका लिलावात ‘साधारण १६००’ अशी नोंद असलेली रेपियर मी घेतली. पातं मोजलं होतं, उतार सुरेख होता, पातं खरोखर जुनं होतं. त्या आनंदात मूठ नीट पाहिलीच नाही. घरी दिव्याखाली भिंग घेऊन बसले. मुठीच्या आडव्या दांडीच्या पुढे पात्याचा बिनधारेचा चौकोनी भाग असतो, त्याला रिकासो म्हणतात. तर्जनी दांडीवरून जाऊन या भागाला विळखा घालते. म्हणजे बोट सतत जिथे घासतं तिथल्या कड्याची आतली बाजू गुळगुळीत झालेली हवी. माझ्या तलवारीत नेमकं तिथेच कानशीचे ओरखडे ताजे, धारदार. गंजाचे खळगे सगळीकडे सारखेच, उंचवट्यावर जेवढे तेवढेच खाचेत. खरा गंज असा समदृष्टीचा नसतो. हात लागतो तिथे कमी, ओल साचते तिथे जास्त. सगळीकडे सारखा असेल तर बहुतेक ॲसिडचं काम. पात्याच्या खांद्याशी बारीक पत्र्याची पाचर ठोकलेली, कारण मुठीचं भोक दुसऱ्याच पात्याच्या मापाचं होतं. जुनं पातं आणि एकोणिसाव्या शतकातली मूठ, असं ते लग्न होतं. इंग्रजीतही व्यापारी याला लग्नच म्हणतात.

एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या श्रीमंतांना वाड्यांच्या भिंती जुन्या शस्त्रांनी सजवायची हौस आली आणि पुरवठा करायला कारागीर पुढे सरसावले. म्युनिकच्या अर्न्स्ट श्मिटसारखे तर उघडउघड प्रतिकृती म्हणूनच विकत, आणि काम झकास करत. त्या प्रतिकृती आता स्वतःच शंभर-सव्वाशे वर्षांच्या झाल्यात. प्रतिकृतीच्या भावाने मिळाली तर जरूर घ्या. सोळाव्या शतकाच्या भावाने घेऊ नका.

लिलावाआधी वस्तू बघायचे दिवस असतात. त्या दिवशी स्वतः जा. जाताना बॅटरी, भिंग, लोहचुंबक, रबरी हातमोजे आणि व्हर्निअर न्या. व्हर्निअरच्या जबड्यांना कापडी टेप लावा, नाहीतर पात्यावर चरा पडेल आणि तुम्हाला पुन्हा दारात उभं करणार नाहीत. मोजण्याआधी तिथल्या माणसाला विचारा, बहुतेक ठिकाणी हो म्हणतात. आधी नुसती हातात धरा. मग तीन ठिकाणी जाडी घ्या: मुठीपाशी, मध्यावर, टोकाच्या चार बोटं अलीकडे. टोकाजवळ चार-साडेचार मिमी भरलं आणि मुठीपाशी उतार मात्र झकास असेल, तर पुढचा तुकडा कधीतरी तुटलाय आणि नवं टोक घासून काढलंय असं समजा. तुटकी पाती अशीच वापरात ठेवत, त्यामुळे हा गुन्हा नाही. किंमत मात्र त्या हिशेबाने पडायला हवी.

मग मूठ. ओतीव असेल तर पृष्ठभाग दाणेदार दिसतो आणि कुठेतरी साच्याची शिवण राहिलेली असते. घडीव दांडीची जाडी दर वळणाला थोडी बदलते. सांध्यावर पिवळी रेघ दिसली तर तिथे पितळेचा डाग दिलाय. ती जुनी दुरुस्तीही असू शकते, रंग आजूबाजूशी मुरलाय का ते बघा. मुठीच्या टोकाच्या लट्टूवर पात्याची शेपटी बाहेर येते. जुन्या तलवारीत ती ठोकून पसरवलेली असते, षटकोनी नट दिसला तर तिथेच रामराम म्हणा. पकडीवरची तार नवी असेल तर मन खट्टू करू नका. लाकूड कुजतं, तार सुटते, चारशे वर्षांत ती बदललीच जाणार.

खर्चाचा हिशेब करताना हातोडा पडलेली किंमत धरू नका. लिलावघराचं कमिशन बऱ्याचदा त्यावर पाव हिस्सा किंवा जास्त असतं, शिवाय कर. साधीशी पण अस्सल रेपियर काही हजार पौंडांना पडते, नामांकित असेल तर आकडा कुठल्या कुठे जातो. स्पेनमधून शंभर वर्षांहून जुनी वस्तू बाहेर न्यायला परवानगी लागते. इटलीतही जुन्या वस्तूंसाठी कागदपत्रांचं प्रकरण आहे. ते विक्रेता करणार की तुम्ही, हे बोली लावण्याआधी लेखी घ्या. ब्रिटनमध्ये २००८ साली ५० सेंमी किंवा जास्त लांबीच्या वक्र तलवारींच्या विक्रीवर बंदी आली. रेपियर सरळ असल्याने तिला ती लागू नाही, पण सबळ कारण नसताना ती रस्त्यावर घेऊन फिरणं गुन्हाच आहे. क्लबला जाताना मी बंद पिशवीत नेते.

आता नवीन बनावटीच्या. आधी कशासाठी हवी ते ठरवा. भिंतीवर लावायला कोणतीही चालेल, त्यासाठी माझा वेळ घालवू नका. हातात घेऊन जुन्या तलवारीचा अंदाज यावा एवढंच हवं असेल तर मूळ नमुने मोजून काम करणारे कारखाने आहेत: मिनियापोलिसचं आर्म्स अँड आर्मर, इटलीत मानियागोचे देल तिन. खेळायला हवी असेल तर फ्लोरिडाचं डार्कवुड, हंगेरीचे रेगेन्येई, फ्लॉरेन्सचं माल्लेउस मार्तियालिस ही नावं क्लबांमध्ये नेहमी ऐकू येतात. खेळायची बोथट रेपियर काही शे युरोंपासून मिळते. बनवून घेतली तर महिनोन्‌महिने थांबायची तयारी ठेवा.

ऑर्डर देण्याआधी ईमेल करा. तीन ठिकाणची जाडी, एकूण वजन, तोलाचा बिंदू मुठीच्या आडव्या दांडीपासून किती अंतरावर, आणि आत शेपटी केवढी रुंद. शेपटी म्हणजे मुठीच्या आत जाणारा पात्याचा भाग. ती बारीक सळई वेल्ड केलेली असेल तर एक दिवस पातं समोर उडेल आणि मूठ तुमच्या हातात राहील. चांगला कारागीर या प्रश्नांवर खूष होतो, मला एकाने उलट टपाली हाताने काढलेलं रेखाचित्र पाठवलं. ‘युद्धासाठी सज्ज’ एवढंच उत्तर आलं तर समजून घ्या. स्टेनलेसची रेपियर खेळायला कधीच घेऊ नका, एवढं लांब पातं त्यात ठिसूळ ठरतं. पाणी नीट दिलेलं स्प्रिंग पोलादच हवं. आणि जुन्या तलवारीत मी नटाला रामराम म्हणाले, तरी खेळायच्या तलवारीत तोच नट सोयीचा. पाती तुटतात, बदलावी लागतात.

हाताळून बघायला मिळाली तर टोक फळीवर टेकवून हळूच दाबा. पुढचा तिसरा हिस्सा धनुष्यासारखा एकसारखा वाकायला हवा आणि सोडल्यावर सरळ व्हायला हवा. मुठीजवळ वाकत असेल तर समोरच्याचं पातं तुम्ही अडवूच शकणार नाही. मग पकड सैल धरून मूठ डावी-उजवीकडे हलवा. पात्यावर एक जागा अशी सापडते जी जवळपास हलत नाही. चांगल्या रेपियरमध्ये ती टोकाच्या जवळ असते. माझ्या पट्टीमध्ये ती टोकाच्या बरीच अलीकडे होती, म्हणून नेम धरला की टोक भलतीकडे पळायचं. आणि हो, जाताना स्वतःचा खेळायचा हातमोजा न्या. उघड्या बोटाला प्रशस्त वाटणाऱ्या कड्यात जाड हातमोज्याचं बोट शिरत नाही.

लांबीबद्दल तलवारबाजीचे जुने उस्ताद आपसात भांडतात. इटलीतला कापो फेर्रो १६१० साली सांगतो की तलवार हाताच्या दुप्पट, म्हणजे पावलापासून काखेपर्यंत हवी. अँटवर्पचा तिबो म्हणतो, टोक जमिनीवर टेकवलं की आडवी दांडी बेंबीशी यावी. इंग्लंडात पहिल्या एलिझाबेथने १५६२ साली पात्याला एक यार्ड आणि अर्ध्या पावाची मर्यादा घातली, म्हणजे १०३ सेंमीच्या आसपास. लोक त्याहून लांब घेऊन फिरत असल्याशिवाय हुकूम निघाला नसता. माझी उंची १५८ सेंमी. मी दोन्ही मापं करून पाहिली आणि तिबोच्या बाजूने गेले, कारण कापो फेर्रोच्या मापाची तलवार कमरेच्या म्यानातून एका दमात बाहेरच येईना. उंच माणसाने उलट करावं.

घरी आणल्यावर नवीला दर खेळानंतर कोरड्या फडक्याने पुसा आणि तेलाचा हात फिरवा. हाताच्या घामाचा ठसा दोन दिवसांत गंजतो. जुनीला पॉलिश पेपर लावायचा नाही, धार तर मुळीच काढायची नाही. करडा-काळपट थर तसाच राहू द्या, लाल भुकटी सुटत असेल तेवढीच तेलाने भिजवून हळू काढा. वरून रेनेसान्स वॅक्सचा पातळ हात. हे मेण १९५०च्या दशकात ब्रिटिश म्युझियममध्ये तयार झालं, अजून संग्रहालयं वापरतात. चामड्याच्या म्यानात कायमची ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि पातं खातं.

ती लग्नाची तलवार मी विकली नाही. क्लबात नवीन कोणी आलं की तिच्यासोबत भिंग हातात देते आणि कड्याच्या आत काय दिसतं ते विचारते. पट्टीही आहे. तिच्या पिशवीवर टेप चिकटवून तीन आकडे लिहिलेत: ५, ४.७, ४.४. शेजारी सध्याच्या रेपियरचे: ८.१, ४.९, २.६.